नमुन्याचा फॉर्म

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा
५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पुष्पा हिस सुभद्राकडून अनेक उ. आ. वि. वि.

तुले फोन करू करू माह्यं बोट झिजलं. दरवेळी भाऊ, उकंडाच उचलते आणि म्हणते, ती सर्व्हेले गेली. सकाळी सर्व्हे, दुपारी सर्व्हे, अन् जेवणाच्या वक्तालेही सर्व्हेच? सरकार आशाताईले घास तरी गिळू देते की नाही? शेवटी मीच कागद घेतला. फोन नव्हते तेव्हा आपण नणंद-भावजया लिहीतच होतो की.

सोबत उकंड्याची राखी आहे. यंदा माह्यं येणं होत नाही. श्रावणात बालाजीच्या देवळापाशी नारळ-फुटाण्याचं दुकान सोडून निघता येत नाही, आणि पोरगा सागर एकटा गिऱ्हाइकाशी भांडत बसते.

तुह्या डब्याचं ध्यानात आहे. दिवाळीची वाट न पाहता याच महिन्यात तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, मिसरी तयार ठेवते. शेजारणी म्हणतात, सुभद्राबाई, तुमच्या हातची मिसरी दाताले लागली की दुसरी चालत नाही. मी तर सागरच्या लग्नातच सोडली. जेवणावर सुपारीचं खांड तेवढं राह्यलं, त्याले काही व्यसन म्हणत नाहीत. सूनबाई भाजीत मिरची फार टाकते, मले आता तिखट सोसत नाही. वय झालं, दुसरं काय.

उत्तर टाक. लोभ ठेवजो आणि रिकामा डबा परत पाठवजो.

तुझी नणंद,
सुभद्रा


उंद्री
१४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. सुभद्राताईंच्या सेवेशी पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

राखी पोचली. तुमचे भाऊ ती लगेच मनगटाला बांधायला निघाले होते. पौर्णिमेपर्यंत देवापाशी ठेवायला लावली.

फोनसाठी रागावू नका. दिवसभर घरोघरी बोलून जीभ थकते, मग संध्याकाळी नकोसं वाटतं. पत्र बरं. तुमचं वाचलं तर तुम्ही समोर बसून कटकट करताय असंच वाटलं.

सध्या तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म भरते आहे. तंबाखू, मिसरी, गुटखा यांतलं काही घेता का, तोंडात चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, तोंड पुरतं उघडतं का, असं सगळं विचारायचं. पहिला फॉर्म मी माझाच भरला. गटप्रवर्तक मॅडमनी तो चिखलीच्या बैठकीत सगळ्या आशांना दाखवला. म्हणाल्या, नमुना असा पाहिजे, अक्षर स्वच्छ, एक खाडाखोड नाही. आता तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलाय. सगळ्या रकान्यांत ‘नाही’. ताई, सत्तावीस वर्षं मिसरी लावणाऱ्या बाईचा फॉर्म! तुम्हाला सोडून हे कोणाला सांगू?

शाळेत पोरींना प्लास्टिकची मोठी कवळी घेऊन ब्रश कसा फिरवायचा ते दाखवते. हिरडीकडून दाताकडे, हलक्या हाताने, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. कोळसा नको, राखुंडी नको, हिरडीतून रक्त आलं तर लपवायचं नाही. पोरी छान ऐकतात. परवा शेजारच्या भिमाबाईचा मिसरीचा डबा मी चार बायांसमोर नालीत टाकला.  ती माझ्या दातांकडे पाहत राहिली.

माझ्या गालाला आतून दात लागलाय, म्हणून जेवण जरा कमी आहे. भरेल. डबा पाठवा, पण समीक्षाच्या हाती देऊ नका. तिच्या नर्सिंगच्या कॉलेजात हेच शिकवतात आणि घरी आली की पोलिसासारखी पाहते.

सूनबाईंना मिरची कमी करायला सांगा. आहे तो जिव्हाळा कमी करू नका.

आपली,
पुष्पा


बुलडाणा
९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास समीक्षाचा सा. न.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुकानात असतेस आणि गिऱ्हाइकांसमोर रडशील. म्हणून लिहिते.

पोळ्याला मी उंद्रीला गेले होते. आईने पुरणपोळी केली आणि स्वतः दुधात कुस्करून नुसता मऊ भाग खाल्ला. ठेचा ताटात घेतलाच नाही. आत्या, आई फोन उचलत नाही कारण तिला बोलवत नाही. चार वाक्यं झाली की शब्द जड होतात आणि ती गालाला हात लावते. सर्व्हे वगैरे काही नाही.

मी भांडून भांडून तिला तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढेपाशी पांढरा चट्टा आहे आणि मधोमध लाल जखम. हिरडी दातांपासून सुटली आहे, दोन दाढा हलतात. तोंडात आपली तीन बोटं उभी जायला पाहिजेत. ही अगदी साधी तपासणी आहे, आईच गावात सगळ्यांची करते. तिच्या स्वतःच्या तोंडात दोनच गेली. ती म्हणते दीड महिना झाला. मला ते खरं वाटत नाही.

सत्तावीस तारखेला गावात दातांच्या डॉक्टर येणार आहेत. शिबिराची यादी आईनेच केली आहे. चाळीस नावं आहेत, तिचं नाही. मी म्हटलं, मग माझ्यासोबत बुलडाण्याला चल. तर म्हणाली, तिथल्या नर्सा मला ओळखतात, माझा फॉर्म नमुना म्हणून भिंतीवर आहे, आता कोणत्या तोंडाने जाऊ? गावाला कळलं तर उद्या माझं कोण ऐकेल? बाबांना तर तिने काहीच सांगू दिलं नाही.

मिसरीचा डबा तांदळाच्या पिंपात सापडला. झाकणावर तुमच्या दुकानाचं नाव होतं. मी रागाने लिहीत नाहीये. म्हणजे लिहीत होते, पण ते पत्र फाडलं. हे दुसरं आहे.

आई माझं ऐकत नाही. तुझा शब्द तिने कधी मोडलेला मी पाहिला नाही. तू सांग.

माया आहेच, ती आता आईला जास्त दे.

तुझी भाची,
समीक्षा


॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा
१३ सप्टेंबर २०२४

चि. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

समीक्षाचं पत्र आलं. तिच्यावर चिडजो नको, चिडायचं तर माह्यावर चीड. दोन दिवस मी दुकानात बसली नाही. सागरले सांगतलं की अंग दुखते.

तुह्यं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. दाढ दुखून तुह्या डोळ्याले धार लागली, अन् मायले वाटलं, पोरगी माहेरच्या आठवणीनं रडते. खरं मले एकटीले माहीत होतं. मी तुले गोठ्यामागं नेलं आणि माह्या बोटानं तुह्या दाढेले मिसरी लावली. तुले घेरी आली, मी हसली. मग ठणका थांबला तेव्हा तू माह्या गळ्यात पडली होती. आजवर मी तेच ध्यानात ठेवलं, की माह्या भावजयीचं दुखणं मी थांबवलं. दर वर्षी डबा भरताना मले लय बरं वाटे. मी काय भरून पाठवत होती, ते आता समजून राह्यलं.

माह्या डोक्यात एकच आहे. शिबिराच्या यादीत तुह्यं नाव तूच लिहिजो. डबा नालीत टाक, भिमाबाईचा टाकला तसाच. गाव हसन तर हसू दे, चार दिवस हसन अन् आपल्या कामाले लागन. मले भावजय पाहिजे, नमुना नको.

नाही गेली तर मी येईन आणि साऱ्या गावासमोर तुह्या दंडाले धरून नेईन. माह्या तोंडाची लाज तुले माहीत आहे, ती नाहीच.

उकंड्याले सांगजो. तो भोळा आहे, पण नवरा आहे तुह्या.

लोभ मागत नाही आता, तूच राहजो म्हणजे झालं.

सुभद्रा


उंद्री
८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. सुभद्राताईंना पुष्पाचा नमस्कार, वि. वि.

तुमचं ऐकलं. सगळं लिहिते, कारण बोलायला आता फार जड जातं.

शिबिराच्या दिवशी यादीत एक्केचाळिसावं नाव माझं लिहिलं. नावं पुकारायचं काम माझंच होतं. चाळीस जण होऊन गेले आणि मी माझं नाव पुकारलं. कोणीच उठलं नाही. बाया हसल्या, त्यांना वाटलं ताई चुकल्या. मी परत पुकारलं आणि खुर्चीत जाऊन बसले. ताई, तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यातून मला उठून पळावंसं वाटलं. भिमाबाई पुढे आली. मला वाटलं, आता बोलणार. तिने माझ्या हातातली यादी घेतली आणि माझं होईपर्यंत ती धरून उभी राहिली. तिला वाचता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे गालाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. सुरुवातीचा आहे म्हणतात, पण गालाचा आतला भाग आणि तीन दाढा काढाव्या लागतील. एकवीस तारखेला ऑपरेशन. बोलणं पुढे कसं राहील ते नक्की सांगत नाहीत. मला भीती वाटते, ताई. तुमच्या भावाला मी घाबरले नाही असं सांगितलंय. ते रोज गुपचूप माझ्यासाठी पातळ खिचडी शिजवतात आणि मीठ विसरतात.

मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचा तो फॉर्म भिंतीवरून काढून टाकते. मी म्हटलं, काढा, पण त्या जागी हा लावा. नवा भरून नेला होता. मिसरी, हो. चट्टा, हो. जखम, हो. तोंड उघडायला त्रास, हो. मॅडम, नमुना माझाच राहू द्या, म्हटलं. त्यांनी लावला.

गोठ्यामागचं मनात धरू नका. तुम्ही एकदा लावलीत, पुढे रोज मीच लावली.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी घेतं का. मी नाही म्हणणार होते. तुमचं नाव सांगितलं. सोबत एक कोरा फॉर्म ठेवलाय. सोडली असेल तर ‘पूर्वी घेत होतो’ असा रकाना आहे. सुपारीचाही विचारलाय. आरशापुढे तीन बोटं उभी घालून पाहा आणि जे असेल तेच लिहा. मला नाही वाचवलंत तरी चालेल, पण मला फसवू नका.

तुमच्या मायेवरच आहे.

आपली,
पुष्पा


॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

देऊळगाव राजा
१३ ऑक्टोबर २०२४

चि. पुष्पा हिस उदंड आयुष्याचा आशीर्वाद.

काल दसरा झाला. सोनं द्यायले सारे येऊन गेले, मग दार लावून तुह्या फॉर्म घेऊन बसली.

नाव, गाव, वय सोपं गेलं. मिसरीपाशी पेन थांबला. आधी ‘पूर्वी’ लिहिलं, मग खोडलं. तुह्यासारखा स्वच्छ फॉर्म काही झाला नाही. पुष्पा, म्या सोडलीच नव्हती. तुह्यासाठी भाजते, तर चव पाहावी लागते, असं स्वतःले सांगत आली. सूनबाई उठायच्या आधी रोज सकाळी चव पाहत होती. सोळा वर्षं. सुपारी, हो. तिखट सोसत नाही हे वयामुळं नाही, तेही लिहिलं.

मग आरशापुढं उभी राह्यली. दोन बोटं गेली. तिसरं दातापाशी अडकलं. पुन्हा केलं, हात धुऊन केलं, पुन्हा तेच. घडीभर वाटलं, खोटं लिहावं, तुह्यं ऑपरेशन तोंडावर आलं, तुले कशाले घोर. पण तू म्हटलं फसवू नका, म्हणून दोनच लिहिलं.

गुरुवारी, सतरा तारखेले, चिखलीच्या बसनं येते. ऑपरेशनच्या वेळेस दाराबाहेर मी अन् उकंडा बसू. खिचडीत मीठ मी टाकीन. तंबाखू भाजायचा तवा मात्र घरी ठेवला नाही. भाकरीचा चांगला तवा होता, तरी भंगारवाल्याले दिला. सूनबाई पाहतच राह्यली, मग तिले सारं सांगतलं.

गावात पुढचं शिबिर होईन तेव्हा यादीत माह्यं नाव पहिलं लिहिजो. देऊळगावची बाई उंद्रीच्या यादीत कशी म्हणतील, तर सांगजो की माहेर आहे तिचं. तुले पुकारता नाही आलं तर समीक्षा पुकारन, नाहीतर भिमाबाईच्या हाती यादी दे. माह्यं नाव दोनदा घ्यावं लागणार नाही. पहिल्या हाकेलेच मी उठीन.

तुझी,
सुभद्रा