रिंगांची चकाकी

अंजूर, गुरुवार संध्याकाळ

रविवारी नेमबाजीची स्पर्धा. एअर रायफलवर दुर्बीण बसवायची, म्हणून तिला धरणाऱ्या दोन रिंगा आतून सारख्या करायला त्यांत खरखरीत पेस्ट लावलेला रॉड मागे-पुढे घासत बसले. काळा रंग जाऊन आतला धातू उजळत गेला, खाडीवर ऊन सरकावं तसा. थांबावंसंच वाटेना. यंत्रमागाचा शाफ्ट पूर्ण चकाकेपर्यंत घासायचा, हे बाबांनीच तर शिकवलेलं.

मग स्क्रू शेवटपर्यंत आवळले. दुर्बीण तरीही रिंगांत सरकली! इतकं का घासलं मी?

बाबांनी रिंग खिडकीतल्या उन्हात धरली. "पकडच न्हाय राहिली, पोरी," म्हणाले. मग रिंग उन्हात फिरवत, "पन चकाकी बघ, कसली आलीय!"

रविवारची स्पर्धा हातची गेली. आणि चिडायचं सोडून मीही बघतच बसले.