आपटा समजून लावलेल्या कांचनाची व्यवस्था

मी, नागेश मुकुंद केळुसकर, वय बावन्न, शिक्षण एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र (या पदवीची लाज कलम चारमध्ये निघेल), मूळ राहणार कुडाळ, हल्ली मुक्काम अल नहदा, शारजा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. माझी पत्नी विभावरी त्यावर काही बोलली नाही. हृदय मात्र शाबूत नाही. रविवारी बायपास आहे. मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की मी कागदपत्रं नीट करायला घेतो.

कलम एक. ठाण्याचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक विभावरीची. तिने ती कशी खर्च करावी याबद्दल मला पुष्कळ मतं आहेत, पण ती जिवंतपणी कधी चालली नाहीत, तेव्हा लिहीत नाही.

कलम दोन. माझा कलमाचा चाकू आणि फांद्या छाटायचं सिकेटर मुलगी मुग्धा हिला. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, व्हॉट विल आय डू विथ दॅट?" तरीही तिलाच. पाणी घालायला विसरून तिने एक निवडुंग दोन वर्षं जगवला आहे, आणि लक्ष देऊन मी काय काय मारलं ते पुढे येतंच आहे. नूरुद्दीन हा आमच्या उद्यानाचा फाटकवाला, रत्नागिरीचा, माझा जुना सोबती. त्याला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे. साक्षीदाराने वारस असू नये, असं ठाण्याच्या वकिलांनी फोनवर बजावलं आहे.

कलम तीन. दुबईत रास अल खोरच्या पलीकडे ज्या खासगी वनस्पती उद्यानाचा मी व्यवस्थापक आहे, त्याचे मालक, म्हणजे आमचे अरबाब, एका वर्षी कॅनडाहून लाल-पिवळ्या झाडांचे फोटो घेऊन आले. असाच पानगळीचा विभाग इथे हवा म्हणाले. मी इन्शाल्ला म्हणालो. मॅपलची रोपं विमानाने मागवली. त्यांची पानं रंगली खरी, पण मे महिन्यात, एकदम तपकिरी, आणि त्यानंतर पुन्हा रंगायला एकही उरलं नाही. ‘शरद विभाग’ ही अरबी-इंग्रजी पाटी तेवढी टिकली. ती माझ्या कपाटामागे आहे. ती फेकून द्यावी.

कलम चार. त्याच रिकाम्या जागेत मी आपटा लावला. बी कुडाळला रस्त्याकडेच्या झाडावरून स्वतःच्या हाताने काढलं होतं. दसऱ्याला सोनं म्हणून लुटायला इथे मराठी माणसांना पानं मिळत नसत. कोणी कार्डशीटची कापायचं, कोणी मुंबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून चुरा मागवायचं. माझं झाड वाढलं आणि इथल्या मराठी मंडळाची कुटुंबंच्या कुटुंबं दसऱ्याला उद्यानात येऊ लागली. मी झाडाखाली उभा राहून पानं वाटायचो. आपट्याचे गुण सांगायचो, तेही माईकवरून.

१९९९ च्या दसऱ्याला ते झाड फुललं. हातभर अंतरावरूनही दिसणार नाहीत अशी आपट्याची बारीक पांढरट फुलं नव्हेत. तळहाताएवढी जांभळी-गुलाबी फुलं, वरपासून खालपर्यंत. तो कांचन होता. पानं दोघांची सारखीच दुभंगलेली असतात, पण हे सांगण्यासाठीच माणूस एम.एस्सी. करतो. मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र भागवत, माझा जिवलग मित्र, पेशाने अकाउंटंट, याने माईक घेतला आणि जाहीर केलं की नागेशरावांनी आजवर आपल्याला बनावट सोनं वाटलं. सगळे हसले. विभावरीही हसली. मुग्धाने फोटो काढले. मी गाडी काढून निघून गेलो. बायको आणि मुलगी तिथेच राहिल्या, त्यांना शैलेंद्रनेच घरी सोडलं.

अरबाबांना मात्र झाड पसंत पडलं. इथे त्याला उंटाच्या पावलाचं झाड म्हणतात. ते म्हणाले, "मिस्टर नागेश, खलास, यही हमारा ऑटम है." बढती मिळाली. तिचा मला आजतागायत आनंद झालेला नाही.

कलम पाच. वर उल्लेखिलेला शैलेंद्र याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोन वर्षं बोलत नाही. तो लिफ्टमध्ये असला तर मी जिन्याने जातो. हृदयाचं जे झालं त्यात याचाही हात असावा. आमच्या बाल्कनीत निळ्या पिंपात त्याच कांचनाच्या बियांचं रोप आहे. ते शैलेंद्रला देतो. यामागे प्रेम नाही. त्याची पानं गळून बाल्कनीचं गटार तुंबतं, ते दर वर्षी त्याने वाकून उपसावं. हे खोडून मी पुन्हा लिहिलं आहे, म्हणून खरं तेही लिहितो: मला त्याची फार आठवण येते, आणि न बोलता मरावं लागेल याची धास्ती ऑपरेशनपेक्षा मोठी आहे.

कलम सहा. माझ्या स्मरणार्थ कोणी झाड लावू नये. लावायचंच असेल तर ते कसलं आहे हे आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारावं.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. दुसरा साक्षीदार म्हणून ठरलेल्या शेजारच्या परेशला ऐनवेळी ड्युटी लागली. विभावरी माणूस शोधायला खाली गेली आणि शैलेंद्रला घेऊन आली. मी त्याला बसही म्हणालो नाही. त्याने उभ्यानेच मृत्युपत्र वाचलं, कलम पाच दोनदा. मग खिशातून एक पान काढून माझ्या हातात दिलं. कांचनाचं. मंडळ आजही दसऱ्याला त्याच झाडाची पानं नेतं, आणि त्या दिवशी मी मुद्दाम तिकडे फिरकत नाही म्हणून मला पत्ता नव्हता. फाटक उघडून देणारा नूरुद्दीन छताकडे बघत बसला.

मी शैलेंद्रला समजावलं की सही केलीस तर तू साक्षीदार होशील आणि रोप तुला मिळणार नाही.

"मला नकोच आहे," तो म्हणाला. "मी सही करतोय. रविवारी जाऊन ये, आणि तुझं गटार तूच उपस."

सबब कलम पाच रद्द. रोप तूर्त माझ्याकडेच राहील. बाकी सर्व कायम. वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि चष्मा दोनदा पुसून खाली सही केली आहे.

नागेश मुकुंद केळुसकर

साक्षीदार:
१. नूरुद्दीन इस्माईल मुल्ला
२. शैलेंद्र वसंत भागवत (आता वारस नाही)

शारजा, शुक्रवार, २६ ऑक्टोबर २००१, विजयादशमी