बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

लातूर, चैत्र शुद्ध ४, शके १८६५

ठरलं. खोलीला खिडकी पाडायचीच!

नणंद इंदू पहिलटकरीण, माहेरी आलीय. सासूबाईंनी कोपऱ्यातली अंधारी खोली सारवून ठेवली. एकच दार, तेही माजघरात उघडणारं. आत सव्वा महिना शेगडी पेटती ठेवणार म्हणे! दुपारी मीच शेगडी घेऊन बसून पाहिलं. डोकं भणभणलं, उलटी झाली. तिथं तान्हा जीव कसा तगायचा?

सासूबाई म्हणतात, "बाळंतिणीला वारं लागलं की संपलंच. तू मला शिकवू नको!"

शुद्ध ६

हे कचेरीतून आल्यावर विचारलं. "आईच्या मनाविरुद्ध नको." बरं! मीच बसलिंगप्पा गवंड्याला बोलावलं. तो म्हणतो, "गल्लीकडं खिडकी? चोरांला दावत देऊन राहिल्या का बाई?" म्हटलं, गज बसव. सासूबाई कीर्तनाला गेल्या तेवढ्यात मावळतीची भिंत फोडली. नंतर घर डोक्यावर घेतलं त्यांनी! जेवल्याही नाहीत.

शुद्ध ७

फजिती! खिडकी झाली, वारं येतच नाही. ऊद जाळून बघितला, तर धूर छताखाली तसाच बसून. इंदू म्हणते, "वहिनी, वाऱ्याला आवतन द्यायचं राहिलं वाटतं!" मला हसू आलं नाही.

शुद्ध ८

कळलं! आलेल्या वाऱ्याला जायला वाट नको का? माळवदात सवणं आहे, उजेडासाठी ठेवलेलं भोक. त्यावर मडकं पालथं, वर मातीचा लेप. खोलीत पुन्हा ऊद पेटवला, पदर खोचला, भर दुपारी स्वतः वर चढले. समोरच्या कावेरीबाई टकामका बघत होत्या — बघू देत! मडकं उखडलं. खालून इंदू ओरडली, "वहिनी, धूर निघाला!"

मी तिथंच तापल्या मातीवर बसून रडले.

सासूबाईंचा राग कायम. असू दे. खिडकी बुजणार नाही.

चैत्र वद्य १

सकाळी मुलगी झाली. खणखणीत रडली. दोघी सुखरूप!

वद्य ५

सासूबाई नातीला घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. म्हटलं, लावून घेऊ का?

"राहू दे," म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता — "माझी दोन लेकरं ह्याच खोलीत गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी. दाराच्या फटीत चिंध्या मीच कोंबल्या होत्या."