अस्तर विरलं तेव्हा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, कंबर वाकेल तितका वाकून. तुझे गुडघे तुझं ऐकतात ना? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून सगळे.

झालं असं, की एका वकीलसाहेबांचा काळा कोट मी गडद निळ्या दोऱ्याने शिवला. दुकानात कुणाच्या लक्षात आलं नाही. (माझ्या तर नाहीच.) कोर्टात साहेब उजेडाला उभे राहिल्यावर समोरचे वकील हसले. आमचे साहेब खटला हरले आणि खापर माझ्या दोऱ्यावर फुटलं. तुझ्या भावजयीने रीळ पुढे धरून विचारलं, "हा रंग कुठला?" म्हटलं, काळा. तिने ते निळं रीळ पुराव्यासारखं उचलून ठेवलं. (ती पुरावे जमवू लागली की मी घाबरतो.) दुसऱ्याच दिवशी तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

तिथे भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि मिशीवर ताव दिला. मग बाईंनी फिकट करड्या अक्षरांचा तक्ता लावला, आणि दुसऱ्याच ओळीत माझी दातखीळ बसली. पुढे थेंब घालून यंत्राने फोटो काढले. डोळ्याच्या पडद्यावर मज्जातंतूंचा नाजूक थर असतो म्हणे. मधुमेहाने माझा तो थर झिजलाय. रक्तवाहिन्या अजून बऱ्या आहेत, पण थर कधीकधी त्यांच्याही आधी झिजतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.

मी विचारलं, "म्हणजे कापड वरून कोरं, आणि अस्तर विरलेलं?"

"अगदी तसंच. आणि या अस्तराला ठिगळ लागत नाही. साखर ताब्यात ठेवा, उरलंय ते सांभाळा."

आयुष्यभर लोकांची अस्तरं बदलून दिली, ताई, पण स्वतःचं एक बदलता येत नाही. परतताना थेंबांमुळे सगळं धूसर. दुकानाच्या दारात एक गृहस्थ वाट अडवून उभे. दोनदा "सरका जरा" म्हटलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तो कपडे मिरवणारा आमच्याच दुकानाचा पुतळा निघाला. समोरचा न्हावी अजून हसतोय.

आता ही रिळांवर रंगांची नावं चिकटवते, आणि चहा बिनसाखरेचा देते.

तुझा, सुतासारखा सरळ झालेला,
धाकटा

ता. क. तुझी साखर माझ्याहून जुनी. "मला सुई ओवता येते, डोळ्यांना काय धाड भरलीय?" असं म्हणशील. मीही हेच म्हणायचो. गुरुवारी तुझी वेळ घेतली आहे. भावोजींना कळवून झालंय, तेव्हा पळवाट नाही.

आणखी ता. क. माझीही फेरतपासणी त्याच दिवशी आहे. हिच्यापुढे मी शूर आहे. तुझ्यापुढे नसलो तरी चालतं. ये.