थाप पडल्याशिवाय

आबा, माझा खुबा बदलला. डॉक्टरांनी आत नवा सांधा बसवलाय. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, वजन पेलतो का? पेलतो म्हणतात. मला खात्री वाटत नाही. अंथरुणात जरा हललो तरी वाटतं, निसटला. डॉक्टरांना तेच तेच विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आजोबा, तुमच्यापेक्षा तो सांधा मजबूत आहे." मी मान हलवली. कोपरखैरण्याला घरी आलो आणि पुन्हा तेच सुरू.

आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही. जेवताना मी खुर्चीवर, हातात ताट, आणि तुमची सून माझ्यासमोर खाली, ओट्याला टेकून. तिचा भांग दिसतो. इतक्या वर्षांच्या संसारात तो असा वरून कधी पाहिला नव्हता. केस विरळ झालेत. वाईट वाटायला हवं होतं, पण ऑपरेशन झाल्यापासून काही वाटतच नाही. नुसता बघत जेवतो.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. परवा तिने वॉकर भिंतीला लावला आणि हातात काठी दिली. "काका, टेन्शन नका घेऊ. पाय टाका." दुखत नव्हतं, तरी पाय उचलेना. कालही तेच झालं. मला उठवून, धरून तुमची सूनच नेते, आणि तिचे स्वतःचे गुडघे गेलेत. मी असाच राहिलो तर ती माझ्याआधी बसेल, हे मला कळतं. कळूनही पाय उचलेना.

तुमच्याबरोबरचे ते दिवस अजून डोळ्यासमोर आहेत. मार्केटात ट्रकला फळी लावलेली आहे. मी सातवीतून शाळा सोडून आलेला, अंगात दम नाही. तुम्ही माझ्या पाठीवर कांद्याची गोणी देताय. ती नीट बसली की तुम्ही मागून तिच्यावर थाप मारता, आणि थाप पडल्यावरच मी पाऊल टाकायचं. एकदा मी आधीच निघालो. गोणी कलंडली, फुटली, कांदे पार गाळ्यापर्यंत गेले. सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "घाई कसली हाय तुला? मी मागं हाय न्हवं?" तुम्ही गेल्यावरही मागे जो असेल त्याच्याकडून थाप मारून घ्यायचो. पोरं हसायची. पण त्याशिवाय निघालो नाही.

आज सकाळी काठी धरून उभा होतो. तुमची सून मागे, पडलो तर धरायला. मी म्हटलं, "पाठीवर थाप मार."

"आवं, गोणी कुठं हाय?"

"मार गं."

"मारते. मग सोसायटीत सांगत फिरू नका, बायकोनं मारलं म्हणून."

तिने चांगली जोरात मारली. पाय उचलला. दारापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. ती पदराने डोळे पुसत होती. मला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. चाललो, एवढंच. मग तिने चहा टाकला.

हे लिहिलंय खरं, पण पाठवायचं कुठे? घडी करून गादीखाली सारतो. एक मात्र सांगून टाकतो. थाप पडेल तेव्हा तुमचा हात आठवेल असं वाटलं होतं. नाही आठवला, आबा. हात तिचाच होता, आणि पाय तेवढ्यावरच निघाला.