पाठ केलेली उत्तरं

३ मार्च, सोमवार
आले एकदाची अंधेरीला! शर्टांचा कारखाना, माल सगळा परदेशी जाणारा, आणि मी कोण, तर कामगार कल्याण अधिकारी. देवगडात आई हे पद दारोदार सांगत सुटली असेल. राहायची सोयही कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर. अनय सर, आमचे मॅनेजर, अगदी गोड माणूस. पडताळणीसाठी माझं आधार आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं.

५ मार्च
पुढच्या सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई येणार. त्याआधी कामगार बायकांकडून उत्तरं पाठ करून घ्यायची. इथे मी माझ्या मर्जीने राहते. बाहेर जायला मोकळीक आहे. माझी कागदपत्रं माझ्याकडेच आहेत. पाढेच म्हणा. धागे कापायच्या टेबलावरची अपूर्वा तर माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. मला हसू आलं. तिला नाही.

६ मार्च
कपाटात रजिस्टर शोधताना आधारकार्डांचा गठ्ठा सापडला. सगळ्या बायकांची. यांच्याकडून हरवतात गं, सर म्हणाले. मला पटलं. खोटं कशाला लिहू, पटवून घेतलं.

७ मार्च
ती उत्तरं अपूर्वानेच लिहिलीत. माझ्याआधी माझ्या खुर्चीत तीच होती. चौदा महिन्यांत फाटकाबाहेर गेलेली नाही.

८ मार्च
पार्ल्याला मावशीकडे निघाले होते. फाटकावर वॉचमन कुंडलिककाकांनी अडवलं, सरांची चिठ्ठी लागते म्हणाले. वर बघेचनात. फोनही आता ऑफिसात जमा. आईशी बोलले ते सरांच्या समोर बसून. "तुझो आवाज असो कित्याक येता गो?" आईने विचारलं. सर्दी झालीय म्हटलं.

९ मार्च
ठरलं. उद्या तपासनीस बाईंना सगळं सांगणार. अपूर्वाला तसं म्हटलं तर ती धागे कापतच राहिली.
"मीपण सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं, आणि तो कागद सरांना दाखवला."
तरी सांगणार. भीती वाटते खूप. वही गादीखाली ठेवतेय.

१० मार्च
बाईंनी विचारलं– सर शेजारीच, त्यांच्या मांडीवर ही वही– माझ्या तोंडून पाढे आले– तिन्ही, न चुकता– बाई हसून छान म्हणाल्या–

११ मार्च
वही काल रात्रीच परत मिळाली. रोज लिही, मी वाचेन, सर म्हणाले. खुर्चीत नवी मुलगी, आनंदात आहे– मी अपूर्वाशेजारी– कात्री–

१२ मार्च
इथे मी माझ्या मर्जीने राहते. बाहेर जायला मोकळीक आहे. माझी कागदपत्रं माझ्या