शालूच्या रुखवताची ताटं

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
माघ वद्य पंचमी, सन १९५२

ती. सौ. सुमनताईस धाकट्या जगदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, माझा डावा अंगठा सोडून. दाजींचा दमा कसा आहे? राजधानी सहा महिने तुमच्या इंदुराला आणि सहा महिने आमच्याकडे झाल्यापासून निम्मं ग्वाल्हेर तुझ्याकडे जेवून जातं म्हणे, तेव्हा तुझेही हात दुखत असतील. पत्र पोचलं. शालूचं लग्न वैशाखात ठरलं, विहीणबाई भारदस्त आहेत, आणि मुलीचा मामा ग्वाल्हेरच्या फौजेत रिसालदार असल्याचं तू त्यांना सांगून बसली आहेस. म्हणून मी दसऱ्याच्या स्वारीचा लाल कोट घालून शालूला बोहल्यावर आणावं, हे सारं दोनदा वाचलं. कोटाचं मागाहून लिहितो. आधी मी कबूल केलेल्या रुखवताच्या ताटांची हकीकत.

तुला ठाऊकच आहे, संस्थान विलीन झालं, मागोमाग आमची फौज नव्या फौजेत गेली, आणि तिथे माझ्या उजव्या गुडघ्याला जागा निघाली नाही. (डॉक्टरने मला तीनदा उठवलं-बसवलं आणि माझ्याकडे न बघता काहीतरी लिहिलं.) घोडा मात्र पास झाला. त्यानंतर मी रोज पहाटे पाचाला उठून, दाढी करून, बूट चमकवून ओसरीवर बसत असे. यायचं कुणीच नसे. ताई, ते दीड वर्ष फार वाईट गेलं. एके दिवशी सरोजिनी म्हणाली, पोळपाटाचा पाय निघालाय, दौलतगंजातून बसवून आणा. तिथे दौलतसिंह खरादी भेटला. पूर्वी दरबारच्या मंडळींच्या पलंगांचे पाय आणि बुद्धिबळाचे मोहरे करायचा, आता लाटण्यांवर दिवस काढतो. दोघांची कामं एकाच धामधुमीत गेलेली, तेव्हा चहा झाला. दुसऱ्या दिवशी मी पोळपाट न घेताच गेलो, आणि महिन्याभराने त्याचा जुना खराद आमच्या ओसरीवर आला.

खराद म्हणजे साधं प्रकरण आहे. लाकूड दोन खुंट्यांमध्ये बसवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकाने दोरी पुढे-मागे ओढून ते फिरवायचं आणि दुसऱ्याने पटाशी धरून कोरायचं. यातली मेख ‘एकाने’ या शब्दात आहे. दोरी ओढायला सरोजिनी बसली. बावीस वर्षं मी साठ स्वारांना हुकूम दिले. इथे दोरी जिच्या हाती, पटाशीने तिचंच ऐकायचं असतं. ती डाळ शिजली का बघायला उठली की माझं ताट अर्ध्यावर थांबतं. (भांडण झालं तर दोन दिवस थांबतं. म्हणून आम्ही हल्ली भांडत नाही.)

चूक झाली ती लाकडात. मागच्या गल्लीतला आंबा पडला होता, त्याचा बुंधा मी त्याच दिवशी उचलून आणला. दौलतसिंह म्हणाला, सहा महिने सावलीत ठेवा. मी म्हटलं, फौजेत सुकण्याची वाट कुणी बघत नाही. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “रिसालदारसाब, लकडी हुकुम नहीं मानती. पानी जब जाना है, तब जाएगा.” मी अकरा दिवसांत अकरा ताटं कातली. अशी गोल, की मीच त्यांना सलाम ठोकावा. पंधरवड्याने पाहतो तो ओल निघून गेलेली आणि ताटं आपापल्या मनाने वळलेली. जमिनीवर ठेवून लाडू मांडला की ताट मान डोलावतं, आणि लाडू चुलीकडे निघतो.

पण फेकवेनात. फिरत्या ताटाला लाखेची कांडी टेकवली की लाख तापून आपोआप पसरते, आणि केवड्याच्या सुक्या पानाने घासली की तिच्यात आपलं तोंड दिसतं. लाल, पिवळी, हिरवी अशी कडी सगळ्यांना घातली. मधोमध नक्षी काढायची होती. हाताला घोड्याखेरीज काही येत नाही. सरोजिनी म्हणाली, रुखवतात घोडे नकोत, मोर हवेत. तेव्हा घोड्यांना पिसारे लावले. मोर सुरेख झालेत, फक्त दुडक्या चालीने निघालेत.

दाजींना मुजरा, शालूला अनेक आशीर्वाद. तुझा हात माझ्या डोक्यावर आहेच, तो तसाच असू दे.

तुझा
जगदेव

ता. क. अंगठ्याला लाख चिकटली होती, बाकी काही नाही.

आणखी ता. क. ताटं आता डगमगत नाहीत. प्रत्येकाच्या बुडाला बनातीच्या जाड लोकरी कापडाची चकती चिकटवली आहे, जिथे फट तिथे दुहेरी. बनात लाल आहे. एवढी बनात घरात कुठून आली, हे तू ओळखलं असशील. तेव्हा ताई, एक मागणं आहे. विहीणबाईंना लग्नाआधीच सांगून टाक की मुलीचा मामा रिसालदार होता, आता खरादी आहे. मी धोतर नेसून, फेटा बांधून येईन आणि शालूला बोहल्यावर आणीन. तुला कमीपणा वाटत असेल तर तसं लिही. मी मांडवात मागे बसेन, रागावणार नाही.

वन्संना सरोजिनीचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. यांना मागे बसवू नका. आणि एक सांगते. अकरांतली चार ताटं मुळीच डगमगत नव्हती. कोटाची बाही उरली होती, ती कापून यांनी त्या चारांनाही बनात लावली. दुसऱ्या दिवशी हे पहाटे पाचाला उठले, आणि बूट न घालता खरादापाशी जाऊन बसले. मला हाक मारली, “येतेस का? दोरी धर.”